मधलं क्रियापद

चाळीस वर्षं हॉइकच्या शाळेत
खडूनं हेच लिहीत आले:
आधी सहायक, मग क्रियापद, मग ते चिमुकलं शब्दयोगी शेपूट.
विल गेट ओव्हर. मस्ट गेट बाय. कुड गेट आउट.
गेट तेच. शेपूट बदललं की
माणूस दुखण्यातून उठतो, कसंबसं भागवतो,
नाहीतर सुटतो.

आणि एका क्रियापदाला सहायक एकच.
दोन नाहीत. हे फळ्यावर लिहिलेलं,
आणि घरीही लागू.

कारण डॉड गिरणीतून यायचा, नखांत यंत्राचं तेल, बाहीवर लोकर,
आणि म्हणायचा, आय माइट कुड.
तुझ्या बहिणीकडे, शनिवारी? माइट कुड.
कौलं कधी बदलणार? माइट कुड.
त्याची आई तसंच बोलायची, आजा, नदीपलीकडची सगळी आळी.
मी म्हणायचे, दोन्हींतलं एक निवड,
कदाचित, की जमेल?
तो म्हणायचा, कदाचित जमेल.
चूक कुठे आहे ते मला सांगता यायचं नाही.
असं नसतं, एवढंच म्हणायचे.

फेब्रुवारीत बूट घालता घालता
त्याची उजवी बाजू गेली, आणि बोलणं.
नामं उरली. चहा. खिडकी. माझं नाव, एकदाच.
मॉर्वेन येते मंगळवारी गॅलाशील्सहून,
चित्रांचे पत्ते आणते, जेमतेम पंचवीसची पोर,
सांगते, बारके शब्द आधी जातात
आणि येतात सगळ्यांत शेवटी. आले तर.

मला वाटलं, बारकेच तर गेले.
पण वुड गेलं आणि चहा हुकूम झाला.
शुड गेलं, आणि तो मला दोष द्यायचा थांबला;
त्याचीही इतकी सवय असेल हे माहीत नव्हतं.
माइट गेलं तसं
उद्या नावाची वस्तूच घरात राहिली नाही.
आहे ते आहे. कप. खिडकी. बूट.

एकदा वर्गात एका मुलानं विचारलेलं,
बाई, पुट म्हणजे ठेव, अप म्हणजे वर, विथ म्हणजे सोबत,
मग यात सोसणं आलं कुठून?
मी म्हणाले, पाठ कर.

काल साडेचारला
शेजारचं कुत्रं कुणाला तरी ओळखून भुंकलं.
डॉडनं दाराकडे पाहिलं.
बिघडलेल्या यंत्राला कान लावायचा तसा चेहरा केला,
आणि म्हणाला, माइट.
मी सुई खाली ठेवली.
कुड, म्हणाला.
मग बराच वेळ नुसता श्वास.
मग, आउट.

मध्ये काही नव्हतं.
जाणं, नेणं, बघणं, पळणं, कुठलंही बसलं असतं तिथे.
चाळीस वर्षं मी मुलांना अशाच रिकाम्या जागा दिल्या,
ठिपक्या-ठिपक्यांच्या,
आणि भरल्या नाहीत तर गुण कापले.

माझ्या आजीला मात्र क्रियापद लागायचंच नाही.
आय मन अवा, म्हणायची,
मला दूर पाहिजे, एवढंच,
आणि खुंटीवरची शाल ओढायची.
शाल हेच क्रियापद.

मी बूट आणले.
एक सहायक जास्त झाला, हे बोलले नाही.
गुडघे कुरकुरत खाली बसले,
डावा आधी, मग तो जड, न ऐकणारा उजवा;
नाडीची गाठ दोनदा सुटली.

दाराशी पोचल्यावर त्यानं विचार बदलला.
चहा, म्हणाला. हुकूमच.
मी केला.
बूट मात्र
रात्री झोपेपर्यंत काढू दिले नाहीत.